ओव्याच्या खाद्याची ट्रायल

"पाच वाजेपर्यंत पाण्यात अँटिबायोटिक सोड," कंपनीतले माझे सर फोनवर ओरडले. "तुझं ते ओव्याचं कौतुक पुरे झालं!"

मी तुडीलला सुनंदावहिनींच्या शेडमध्ये उभा होतो. पायाखालचं लिटर, म्हणजे शेडभर पसरलेलं भाताचं तूस, चिखल झालं होतं. अठरा दिवसांचे ब्रॉयलर पातळ हगत होते. सकाळपासून चाळीस मेले होते.

मी कोंबड्यांचा डॉक्टर. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, असा आमचा धंदा. आतडं बिघडलं की कोंबडीचं वजन भरत नाही, म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालायची सवय पडलेली. त्याऐवजी ओवा आणि लसणाच्या अर्काची पावडर घालून बघू, हा हट्ट माझा, आणि त्याची ट्रायल याच शेडमध्ये. सरांना तो पहिल्यापासून पटला नव्हता.

"नाहीतर त्या बाईने पाण्यात परस्पर काही घातलं असेल," सर म्हणाले. "तसं असेल तर नियम माहीत आहे ना? त्या शेडला पुन्हा पिल्लं नाहीत."

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दाराशी बसून तीन मेलेल्या पक्ष्यांचं पोस्टमॉर्टेम केलं. जंतूंनी बिघडलेलं आतडं फुगतं, आतून खरबरीत होतं. इथे आतडी चांगली होती. पोटात मात्र पाणी साठलेलं. जिवंत पक्षी पाण्याच्या निपलखाली गर्दी करून होते, हटायला तयार नाहीत. एवढी तहान कसली? मी निपल दाबून थेंब जिभेवर घेतला. आंबट. आणि चक्क खारट.

"वहिनी, टाकीत काय घातलंय?"

त्या म्हणाल्या, "आगळ."

घरच्या कोकमाचा, मीठ घालून टिकवलेला रस.

"तुम्हीच सांगितलंत ना डाक्टर, खाद्यात ओवा नि लसूण हाय. दोन्ही उष्ण. त्यात हा उन्हाळा. पिल्लांची पोटं भाजतील म्हणून चार दिस घातलं. आपल्याला चालतं, त्यांना नाय चालत काय?"

मी कपाळाला हात लावला. राग आला तो स्वतःचाच. माझ्या आईनेही हेच केलं असतं. कोवळ्या पिल्लांना एवढं मीठ सोसत नाही. ती पाणी पीत सुटतात आणि त्यातच मरतात.

टाकी रिकामी केली, पाइप धुतले, साधं पाणी थोडं थोडं सोडलं.

"माझी शेड जाईल काय?" वहिनींनी विचारलं.

आगळ लपवलं तर खापर पावडरीवर. सांगितलं तर वहिनींवर. मी फोन लावला.

"सर, अँटिबायोटिक सोडत नाही. जंतूंचा आजार नाही. पाण्यात मीठ गेलंय, आगळातून."

"बाईने घातलं?"

"हो."

"मग शेड बंद."

"थांबा सर. पावडरीत काय काय आहे ते मी कौतुकाने सांगत बसलो. पाण्यात काही घालू नका, हे सांगायचं काम माझंच होतं. ते राहिलं. तसं रिपोर्टमध्ये लिहितोय, माझ्या सहीने."

सरांनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मरतूक थांबली. वहिनींच्या शेडला पुढची पिल्लंही मिळाली. ट्रायल मात्र माझ्याकडून काढून पोलादपूर बाजूच्या दुसऱ्या डॉक्टरला दिली. त्याला मी एकच सांगितलं: पावडर समजावून झाली की शेडवाल्यांना विचार, "आता तुम्ही काय कराल?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय गाडीला किक मारू नकोस.