उंदरांची आतडी मोजणारी खोर्लो

मेंढीचं आतडं धुवावं ते खोर्लोनंच, असं त्या माळावर म्हणत. मेंढी पाडायची पुरुषांनी आणि आतड्या-कोथळ्याचं बघायचं बायकांनी, ही तिथली रीत. खोर्लोच्या हातून आतड्याला कधी चीर गेली नाही. म्हणून तर माळउंदरांचा अभ्यास करणाऱ्या ओयुनाबाईंनी तिला आपल्या संशोधन केंद्रात बोलावून घेतलं. काम एकच. उंदराचं आतडं ओल्या फळीवर सरळ मांडायचं आणि मोजायचं. ओढायचं मात्र नाही. ओढलं की मोजमाप खोटं.

बावीस वर्षं तिनं हेच केलं. लोकांनी तिची उंदीरआजी करून टाकली. ती शिकलेली नव्हती, पण एक गोष्ट तिला पक्की कळली होती. कोवळं गवत मिळालं की उंदराचं आतडं आखूड राहतं. नुसत्या काड्या खायची पाळी आली की महिन्याभरात ते लांबतं आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी टम्म फुगते. वाळल्या काडीतून सत्त्व काढायचं तर ती आत मुरवावी लागते.

त्या वर्षी उन्हाळा सरतानाच पिशव्या फुगलेल्या निघाल्या. एवढ्या मोठ्या तिनं पूर्वी एकदाच पाहिल्या होत्या. तेव्हाच्या हिवाळ्यात तिचा नवरा कळप घेऊन एकटाच लांबच्या कुरणांकडे गेला, तो परतला नाही.

"गालसान, या खेपेला कळप दक्षिणेला हलव," ती मुलाला म्हणाली. "इथं हिवाळा निघायचा नाही."

"कोण म्हणतं? ओयुनाबाई?"

"उंदीर म्हणतात."

गालसान चहा सांडेपर्यंत हसला आणि बायकोकडे वळला. "ऐकलंस का सोलोन्गो, आता घर उंदरांच्या सल्ल्यानं चालायचं. अगं आई, माळ पिवळा का असेना, भरलेला आहे ना? आणि हिला आठवा लागलाय. गाडीत आदळत नेऊ हिला?"

'तू कळप घेऊन जा, सुनेला मी सांभाळते,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले आणि खोर्लोच्या डोळ्यांपुढे एकट्याच निघालेल्या नवऱ्याची पाठ आली. तिनं ते गिळले. पुन्हा विषय काढला नाही.

नात झाली, गुटगुटीत. बर्फही फार पडला नाही. तरी वसंत लागेपर्यंत मेंढ्या एकेक करून बसू लागल्या आणि बसलेली उठेना. शेवटी उरल्या अकरा.

गालसाननं एक मेलेली मेंढी फाडून पाहिली. "आई, पोट तर तुडुंब आहे. मग मेली कशी?"

खोर्लोनं आत हात घातला. मूठभर काड्या निघाल्या, गिळल्या तशाच कोरड्या, कडक.

"भरलंय, पण अंगी काही लागलेलं नाही. मला ठाऊक होतं, बाळा."

"मग एकदाच सांगून गप्प का बसलीस?"

"तू एकटा गेला असतास."

गालसान उठून उरलेल्या अकरा मेंढ्यांकडे गेला. खोर्लोनं सवयीनं आतडं पाण्यात धरलं. धुता धुता ते तिच्या बोटांत फाटलं.