आवाज बंद केलाय, बोल आता

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात हॉटेलच्या काउंटरवर उभी होते. झोपेतच गेला, हार्ट अटॅक, एवढंच कळलं. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात भलतंच आलं... आता गावाला ही बातमी सांगणार कोण? कार्ल्याच्या अलीकडे आमच्या आत्याचं गाव. तिथे कुणाचं लग्न ठरलं, नळाला पाणी येणार नसलं, कुणाची शेळी चुकली, कुणी गेलं, तर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचा तो आत्याचा दत्तूच. त्या सकाळी दुसऱ्याच कुणीतरी घसा खाकरत दोन वाक्यं कशीबशी उरकली, आणि निम्म्या गावाला काही कळलंच नाही म्हणे. दत्तूला सांगायला मिळालं असतं तर त्याने ही बातमीही अशी रंगवली असती की लोक म्हणाले असते, आरं, पुन्यांदा सांग!

दत्तू माझा आतेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आता महिना उलटला, दहावं-तेरावं झालं, म्हणून लिहायला बसले, तर सुतकी तोंड करून लिहिताच येईना. त्याची आठवण आली की अंगात वारं भरतं, त्याला मी तरी काय करू?

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना कदाचित टीव्हीवरचा छोटा भिवा आठवत असेल. टपोऱ्या डोळ्यांचा, गावातल्या मोठ्यांची भांडणं सोडवणारा, आणि भागाच्या शेवटी कमरेवर हात ठेवून ‘मोठ्या माणसांनो, आता तरी शहाणे व्हा!’ असं सुनावणारा. तो भिवा म्हणजे आमचा दत्तू. कुरवंड्याकडच्या एका बंगल्यात त्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. शहरातून आणलेल्या मुलाने बैल पाहूनच भोकाड पसरलं. दत्तू तेव्हा नऊ वर्षांचा, वडिलांबरोबर तिथे दूध घालायला गेलेला. त्याने आपणहून बैलाच्या पाठीवर टांग टाकली आणि वरूनच विचारलं, ‘‘आता काय करू?’’ झालं! दुसऱ्या दिवसापासून साहेबांना न्यायला गाडी यायला लागली. आमच्या घराण्यात तोवर कुणी फोटोग्राफरच्या दुकानाची पायरीसुद्धा चढलं नव्हतं.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आत्याच्या घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्याने हौसेने नवा टीव्ही घेतलेला, त्याला हळद-कुंकू वाहिलेलं. पडद्यावर दत्तू आला, शिट्ट्या झाल्या, त्याने तोंड उघडलं... आणि आतून आवाज आला भलत्याच कुणाचा! नाजूक, स्वच्छ, पुण्याच्या शाळेतल्या बाईंसारखा. पोराची भाषा फारच गावंढळ आहे म्हणून मालिकावाल्यांनी कुणा बाईंकडून त्याचं सगळं बोलणं पुन्हा बोलून घेतलं होतं. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. शेजारणी म्हणत होत्या, ‘‘किती ग्वाड बोलतंय गं!’’ आणि माझ्या शेजारी बसलेला दत्तू नखाने सारवण उकरत होता. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो.

आत्या उठली. सगळ्यांच्या मधून वाट काढत टीव्हीपाशी गेली आणि आवाजाचं बटण फिरवून पार शून्यावर आणलं.

‘‘त्वांड माज्या लेकाचं आन् आवाज कुनाचा ह्यो?’’ ती म्हणाली. मग दत्तूकडे वळून, ‘‘आवाज बंद केलाय. बोल आता.’’

आधी तो पुटपुटला. मग धीर आला तसा असा काही सुटला, की बास! स्वतःचं बोलला, सरपंचाचं बोलला, सरपंचाच्या बायकोचं बोलला, वर बैलाच्या मनात काय चाललंय तेही सांगितलं. शेवटी कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ओरडला, ‘‘मोठ्या मानसांनू, आता तरी शानं व्हा की रं!’’ घर नुसतं हसून हसून लोळत होतं. त्यानंतर दर आठवड्याला गावात घरोघरी टीव्ही असूनसुद्धा माणसं आत्याकडे यायची, मुका टीव्ही बघायला.

आता त्याच्या कारकिर्दीची पुढची गंमत ऐका. दुसऱ्या मालिकेत त्याला मिळालं मुक्या मुलाचं काम! खरंच. कटकटच नको, असा विचार केला असणार त्यांनी. तेही त्याने डोळ्यांनी असं केलं की बायका पदर डोळ्याला लावून बसायच्या. मग मिसरूड फुटलं आणि गाडी यायची बंद झाली. तरी दोन-तीन वर्षं तो मुंबईला खेटे घालत राहिला. तिथे बोलायला सांगायचे, बोलला की म्हणायचे, चेहरा छान आहे. असं ऐकून ऐकून पोरगं घुमं झालं. बोललाच तर त्या टीव्हीवरच्या बाईंसारखं ‘नाही हो’, ‘खरंच का’ असं बोलायला बघायचा, आणि गाव खिदळायचं. आत्या मला म्हणायची, ‘‘घरात हाय गं, पन माज्यासंगं बोलत न्हाई. बोलतो त्यो माजा दत्तू न्हाईच.’’ टीव्हीतलं काम गेलं याचं तिला काडीचं दुःख नव्हतं, पोराचा आवाज परत येतो की नाही याची धास्ती होती.

आणि मग ती जत्रा आली! दत्तू अठरा वर्षांचा. आमच्याकडे जत्रेचा जीव म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, पुढे स्वाराची घोडी आणि मागे गाड्याचे बैल. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात, एकेका गाड्याच्या धावेला बारी, आणि घाटात तेव्हा बायका जात नसत. आम्ही घरात पाहुण्यांच्या भाकऱ्या बडवायच्या आणि भोंग्यावर निवेदक काय सांगतो ते ऐकायचं, तेवढीच आमची शर्यत. त्या वर्षी बाहेरगावच्या निवेदकाचा घसाच बसला. कमिटीवाले म्हणाले, ‘‘आरं, आपला टीव्हीवाला हाय की!’’ आणि दत्तूला स्टेजवर ढकललं. चुलीपाशी आम्ही कान टवकारले. भोंग्यातून आवाज आला, ‘‘यानंतर आपल्यासमोर येत आहे पुढील बैलगाडा. कृपया सर्वांनी शांतता राखावी.’’ बैलगाड्याला शांतता! घाटातून हुर्यो इथपर्यंत ऐकू आली.

आत्याने तव्यावरची भाकरी तशीच टाकली. मला वाटलं, आता रडेल. पण ती मला म्हणाली, ‘‘पळ. त्याला जाऊन सांग, आईनं आवाज बंद केलाय.’’

मी पळाले! हात पिठाचे, पदर खोचलेला, उन्हातून, कापलेल्या भातखाचरांच्या बांधावरून उड्या मारत. भंडाऱ्याने पिवळ्याजर्द झालेल्या गड्यांच्या गर्दीत मी शिरले तशी माणसं बाजूला झाली... घाटात बाई आली कशी, या धक्क्यानेच झाली असावीत. स्टेजपाशी पोचले. दत्तू घामाघूम. खालूनच ओरडले, ‘‘दत्तू, आई म्हनली, आवाज बंद केलाय! बोल आता!’’

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला, किती तरी वर्षांनी हसला, आणि माइक तोंडाशी नेला. ‘‘आलाय, आलाय, आलाय! घोडी म्होरं निघालीया, ढवळ्यानं मान ताणलीया, आरं बाजूला व्हा की, सासुरवाडीला आलाय का... गेला, गेला, बारी झालीऽऽऽ! आन् आयाबायांनो, भाकरी तव्यावरनं उतरवा, फायनलचा गाडा जुपत्यात!’’ घाटात टोप्या उडाल्या. मी परत आले तर आत्या अंगणात भोंग्याकडे तोंड करून उभी, तव्यावर भाकरीचा कोळसा, आणि बाई हसतेय.

तिथून पुढे वीस-बावीस वर्षं मावळातल्या कितीतरी घाटांत दत्तूचा आवाज घुमला. तळेगावच्या कंपनीत नोकरी होती, पण जत्रांच्या दिवसांत सुट्ट्या टाकायचा. शर्यतींवर बंदी होती ती वर्षं त्याने कबड्डीच्या सामन्यांवर काढली. कुठेही गेला तरी चुलीपाशी बसलेल्या बायकांना सगळं दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. बैलाच्या शिंगांना कुठल्या रंगाचे गोंडे आहेत, कुणाचं धोतर सुटलं, कोण रुसून निघाला, सगळं सांगायचा. मध्ये एका वाहिनीची माणसं जुन्या बालकलाकारांवर कार्यक्रम करायला आली. तो डायलॉग म्हणा म्हणाली. दत्तूने म्हटला, आपल्या पद्धतीने. ‘मालिकेतल्यासारखा म्हणा ना,’ म्हणून ती मागे लागली, तर हा म्हणतो कसा, ‘‘मंग त्या बाईस्नी बोलवा, लय ग्वाड बोलायच्या. माजं असंच हाय. चला, जेवून घ्या.’’

गेल्या आठवड्यात आत्याकडे गेले होते. थकली आहे. दत्तूच्या शर्यतींचे व्हिडिओ लोकांनी शेकड्याने पाठवलेत, ते ती बघत नाही. ‘‘त्यात आवाज हाय त्याचा, पन त्यो कुटं हाय? नुसतं बैलच पळत्यात,’’ म्हणते. मग म्हणाली, ‘‘ते लहानपनीचं हाय का गं फोनात?’’ शोधलं, सापडलं. मी फोन तिच्या हातात दिला. नऊ वर्षांचा दत्तू बैलावर बसलेला, आणि त्या बाईंचा नाजूक आवाज सुरू झाला. आत्याने फोन चाचपला. ‘‘ह्याचं बटन कुटं असतं?’’ मी दाखवलं. तिने दाबून दाबून आवाज पार घालवला, फोन मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता सवयीने म्हणाली, ‘‘आवाज बंद केलाय. बोल आता.’’

घरात आम्ही दोघीच. पडद्यावर पोराचे ओठ हलत होते. आत्या वाट बघत होती... शेवटी त्याने कमरेवर हात ठेवला, तेव्हा मला राहवलं नाही. हळूच म्हटलं, ‘‘मोठ्या मानसांनू, आता तरी शानं व्हा की रं.’’

आत्याने मान हलवली. ‘‘मोठ्यानं गं,’’ ती म्हणाली. ‘‘पल्याडच्या चुलीपत्तुर जाया पायजे.’’

मी उठले, कमरेवर हात ठेवले आणि ओरडले.