बाबांच्या डाव्या पायाचा क्लच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी हा किस्सा गंभीरपणे सांगणार आहे, कारण त्या वेळी मी सगळं गंभीरपणेच केलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेतून मेकॅनिकलची पदवी घेऊन दुबईला आईबाबांकडे परतलो होतो. त्याआधीची शाळा पाचगणीच्या वसतिगृहात. म्हणजे आईबाबांना मी सुट्टीपुरताच ओळखत होतो. डोक्यात दोन गोष्टी मात्र पक्क्या होत्या. एक, इथे सगळी कामं अंदाजपंचे चालतात, ती शास्त्रशुद्ध करायची. दोन, आपल्या बायकांना परावलंबनातून बाहेर काढायचं. या दुसऱ्या विषयावर तर येत्या शुक्रवारी दीड-दोन तासांवरच्या रास अल खैमाच्या मराठी मंडळींपुढे माझं भाषणच होतं! भाषणानंतर आईचं नाटक. बसवलं तिनंच, राणीही तीच. वर्षभर तालमी चालल्या होत्या.

तिथं जायचं आमच्या गाडीतून. गाडी कसली, राक्षस! मी अमेरिकेत असताना बाबांचा गोरा साहेब देश सोडून गेला आणि जाताना ही जुनी, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी बाबांच्या गळ्यात मारून गेला. मी आलो तेव्हा ती गॅरेजात पडून होती. क्लच जळलेला.

"बाबा, नवा क्लच मी निवडणार."

"निवड की."

आता क्लच म्हणजे काय, तर इंजिन आणि चाकं यांच्यातला मध्यस्थ. इंजिन जितकं तापट, तितका मध्यस्थ खमका हवा. पण मध्यस्थ जितका खमका, तितकं त्याचं पेडल दाबायला पायात बळ हवं. तेव्हा आधी काय मोजायला हवं? पाय! मी बाथरूममधला वजनकाटा भिंतीला टेकवून उभा केला आणि बाबांना समोर खुर्चीत बसवलं.

"डावा पाय. दाबा!"

बाबांनी ओठ आवळून दाबला. काटा सरसर पुढे गेला.

"बाबा, काय पाय आहे तुमचा!"

"शाळेत खो-खो खेळायचो," बाबा लाजून म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "माझाही मोज ना."

"आई, तुझं वजन नंतर करू."

"वजन नाही रे, पाय. अरे, ती गाडी..."

"आई, प्लीज. हा तांत्रिक विषय आहे."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. आईच्या 'बरं'नंतर शहाणा माणूस थांबतो. मी थांबलो नाही.

"बाबा, सिग्नलला गाडी झटकन निघते?"

"निघते. मागचे हॉर्न मारत नाहीत."

"हत्ताच्या डोंगरात गेलायत?"

"गेलोय की. वळणं काय वळणं आहेत रे!"

लक्षात घ्या, बाबांचं एकही उत्तर खोटं नव्हतं.

शारजाच्या गॅरेजवाल्यानं तीन खोकी काउंटरवर मांडली. मऊ, मध्यम आणि शर्यतीचा.

"गाडी कौन चलाता है?" त्यानं विचारलं.

"मेरे पिताजी," मी अभिमानानं म्हणालो.

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागले. कॅलेंडर मल्याळममध्ये होतं.

मी तिसऱ्या खोक्यावर हात ठेवला.

"खलास," गॅरेजवाला म्हणाला. "आपका गाडी, आपका मर्जी." गुरुवारी रात्री त्याचाच माणूस गाडी घरी सोडून गेला.

शुक्रवार. दुपार. नऊवारी, नथ, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट अशा थाटात आई खाली उतरली. मी पुढची सीट वाकवून मागं जायला अदबीनं वाट केली. आई गाडीला वळसा घालून गेली आणि स्टिअरिंगसमोर बसली.

"आई, ती बाबांची जागा."

"यांच्याकडे लायसन्स कुठाय?"

मी बाबांकडे पाहिलं.

"दुबईची टेस्ट आहे ती, राजा," बाबा म्हणाले. "होईन पास. इन्शाल्ला."

"मग इतकी वर्षं ही गाडी चालवतं कोण?"

"तुझी परावलंबी आई," आई म्हणाली आणि तिनं क्लच दाबला.

म्हणजे, दाबून पाहिला. पेडल हललं नाही. आईनं चप्पल काढली, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि अर्धवट उभी राहून अख्खा भार टाकला. मुकुट टपाला लागून चेपला. पेडल थोडं आत गेलं आणि राणीसाहेबांचा पाय त्यानं सन्मानानं परत केला.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"अरे, तू पाचगणीला गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी विचारत होतास. म्हटलं, उत्तरं द्यावीत."

मी वाकवलेली सीट सरळ केली.

आईनं घड्याळ पाहिलं. "ते राहू दे. पाचला पडदा वर जाणार. तू चालव. तुझ्याकडे लायसन्स आहे आणि पायही आहे."

"आई..."

"काय?"

"अमेरिकेत मी ऑटोमॅटिक चालवायचो. तिला क्लच नसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी क्लचवर प्रबंध लिहिलाय. दाबला कधीच नाही."

"बरं," आई म्हणाली.

मग देराच्या टॅक्सी अड्ड्यावरून तीन रांगांची शेअर टॅक्सी. मधल्या सीटवर चेपलेल्या मुकुटाची राणी, तिच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. मागं तीन पठाण, अत्यंत शिस्तीत. ड्रायव्हर दर वळणाला आरशात बघून म्हणायचा, "यल्ला, चलो, रानी साब!"

पोचलो तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी दारातच उभे होते. "वहिनी, उशीर झालाय. भाषण आणि नाटक दोन्ही नाही बसायचं."

"भाषण काढा," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

नाटक झकास झालं. चेपलेला मुकुट लढाईच्या प्रवेशात इतका शोभला की लोकांनी टाळ्या दिल्या. शेवटी चहा घेताना एक काकू जवळ आल्या. "तुझं भाषण राहिलंच की रे! विषय काय होता?"

"आपल्या बायकांचं परावलंबन."

"अगंबाई, छान! आणि आता रात्रीचे घरी कसे जाणार तुम्ही?"

मी चहात बुडवलेलं बिस्किट काढायला गेलो. ते विरघळलं होतं.

"आई टॅक्सी बघतेय," मी म्हणालो.