यादीतलं जेवण

माझ्या सासूबाईंना जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. गेली सहा वर्षं ते मीच देते. सोलापूरच्या आमच्या घरात हे इतकं अंगवळणी पडलंय की स्वयंपाकघरात ताटल्यांचा आवाज झाला की त्या आपणहून दंडावरचा पदर बाजूला करतात. सुई दिली की पंधरा-वीस मिनिटांत ताट समोर हवं, एवढाच नियम. तो माझ्या हातून एकदाच मोडला, विमानात.

नणंद दिल्लीला असते. तिच्याकडे महिनाभर राहून आम्ही दोघी परत निघालो होतो. पुण्यापर्यंत विमान, पुण्याला नवरा गाडी घेऊन येणार आणि तिथून सोलापूर. जाताना मी डबा नेला होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याची डबी. त्यावरून नवऱ्याने माझी चेष्टा केली होती. परतीच्या वेळी त्याने फोनवर सांगितलं, "तिकिटातच जेवण घेतलंय. शुगरवाल्यांचं, शुद्ध शाकाहारी. या वेळी डबेबिबे नकोत."

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. त्या कानडी मुलखाच्या सीमेवरच्या दुधनीच्या, लिंगायत घरातल्या. अंड्याचा वाससुद्धा त्यांना चालत नाही. "कुनी शिजिवलं, कवा शिजिवलं, काय म्हाईत," असं त्या दोनदा म्हणाल्या. पण लेकाने घेतलंय म्हटल्यावर गप्प बसल्या.

तरी नणंदेने आमच्या हातातल्या बॅगेत बिस्किटांचे दोन पुडे आणि खडीसाखर घातली होती. विमानाच्या दाराशी एका माणसाने ती बॅग अडवली. वरचे कप्पे भरलेत, ही खाली सामानात जाईल, म्हणाला. मागे रांग तटली होती. लोक उसासे टाकत होते. मी घाईघाईने औषधांची पिशवी तेवढी काढून घेतली. बिस्किटं, खडीसाखर, रक्तातली साखर तपासायचं यंत्र, सगळं बॅगेत राहिलं. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं होतं. जेवण आहेच की, असं मी मनात म्हटलं आणि चिठ्ठी बांधलेली बॅग त्याच्या हातात दिली.

विमान वर गेलं. सासूबाईंनी सकाळी पूजा करून सातला थोडा उपमा खाल्ला होता, त्यानंतर काही नाही. "लई भूक लागलीया ग," त्या म्हणाल्या. जेवणाच्या गाड्या पुढून यायला लागल्या होत्या. मी जवळून जाणाऱ्या हवाई सुंदरीला थांबवलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "यांचं जेवण नक्की आहे ना? मला इंजेक्शन द्यायचंय. दिल्यावर थांबता येत नाही."

तिने हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "हो, यादीत आहे. पाच मिनिटांत आणते."

मी सुई टोचली.

पाच मिनिटांची पंधरा झाली. गाडी आमच्या रांगेशी आली तेव्हा तिने वरचा खण उघडला, खालचा उघडला, मागच्या दुसऱ्या मुलीशी काहीतरी कुजबुजली. मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "सॉरी मॅम. यादीत दिसतंय, पण जेवण विमानात चढवलेलंच नाही."

"मग दुसरं काहीही द्या. व्हेज काहीही."

व्हेज सँडविच पुढच्या रांगांतच संपली होती. उरले होते चिकनचे रोल आणि ऑम्लेट. ज्यूस? तोही गाडीत नव्हता. "मी मागे बघून येते," असं म्हणून तिने माझ्या हातात खाऱ्या काजूंचं एक पाकीट ठेवलं. तेवढ्यात विमान असं खाली आदळलं की कुणाच्या तरी हातातला कप छताला लागला. सगळ्यांनी बसा, पट्टे लावा, असं वैमानिकाने सांगितलं. मुली गाड्या ढकलत मागे पळाल्या. मागे बघून येणारी परत आलीच नाही.

सासूबाईंना कवळी आहे. दोन काजू त्यांनी चघळले आणि रुमालात काढून टाकले. "भाकरी असती तर पाण्यात भिजवून खाल्ली असती की," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या हाताला लागला. ओला होता. कपाळावरची विभूती घामाने ओघळून भुवईत आली होती. मी डोक्यावरचं बटण दाबलं. कुणी आलं नाही. परत दाबलं. दाबतच राहिले.

"तुमच्याकडे काही गोड आहे का? चॉकलेट, गोळी, काहीही," मी खिडकीशी बसलेल्या माणसाला विचारलं. त्याने लगेच खिसे चाचपले आणि च्युइंगमचं पाकीट काढलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बिनसाखरेचं. पलीकडच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलीने शीतपेयाचा डबा पुढे केला. तोही डाएट. ती बिचारी ओशाळली. मला हसू येईल असं वाटलं आणि रडू आलं. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, होता लाडू, आत्ताच संपला."

मी मनात हिशेब करत होते. सुई देऊन अर्धा तास झाला होता. औषध आता आत काम करत असणार आणि त्याला काम करायला पोटात काहीच नव्हतं. मीच दिलं होतं ते. कुणी माझा हात धरून द्यायला लावलं नव्हतं.

सासूबाई चिडायला लागल्या. पट्टा ओढायला लागल्या. मला ढकललं. मग त्या मराठी बोलायच्याच थांबल्या. "ऊटा यल्लि?" त्या विचारत होत्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या सीटला. मी मराठी मुलखातली, करकंबची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मला कानडी बोलता येत नाही. ऊटा म्हणजे जेवण, एवढं कळतं. जेवण कुठाय, असं त्या विचारत होत्या. मग तेही बंद झालं आणि त्यांची मान माझ्या खांद्यावर आली.

मी पट्टा काढला. त्यांचं डोकं खिडकीजवळच्या माणसाच्या खांद्यावर ठेवलं आणि त्याला म्हटलं, "धरून ठेवा." एकेका सीटची पाठ पकडत मी मागे निघाले. दोन्ही मुली आपापल्या खुर्चीत पट्ट्यांत बांधून बसल्या होत्या. "बसा! मॅम, खाली बसा!" त्या ओरडल्या. मला हिंदी सुचेना. मी मराठीतच ओरडले, "माझी सासू मरतेय! साखर द्या!"

त्यातली मघाची मुलगी उठली. तिने खण ओढून काढले. साखरेच्या पुड्या नव्हत्या. तिने चहाच्या तयार पावडरीची मूठभर पाकिटं माझ्या हातात कोंबली. यात साखर असते का, तिलाही माहीत नव्हतं. मी पाकीट डोळ्यांना लावून बारीक अक्षरं वाचली. पहिलाच शब्द साखर होता.

आम्ही दोघी धडपडत परत आलो. पावडर तळहातावर घेऊन तिच्यावर बाटलीतलं थोडंसं पाणी ओतलं, बोटाने कालवलं. सासूबाईंचे दात घट्ट मिटलेले. मी हाका मारल्या, "आई, तोंड उघडा. आई." काही नाही. माझी मुलं लहान असताना त्या त्यांना भरवायच्या, तेव्हा काय म्हणायच्या ते मला आठवलं. मी म्हटलं, "बाय तगि. अव्वा, बाय तगि." तोंड उघड, आई.

तोंड जरासं उघडलं. मी बोट आत घालून गालाच्या आतून, हिरड्यांवरून ते कालवण चोळलं. त्या कचकन चावल्या. मी बोट काढलं नाही. एक पाकीट संपलं, दुसरं, तिसरं. विमानात कुणी डॉक्टर आहे का, अशी विचारणा करून झाली होती. कुणीही उठलं नव्हतं. खिडकीजवळचा माणूस त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "होईल, होईल."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. सासूबाईंनी गिळलं. मग परत गिळलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "च्या हाय व्हय ह्यो?" त्या म्हणाल्या. "लई गोड केलायस."

पुण्यात पाऊस इतका होता की विमान तिथे उतरलंच नाही. दुसऱ्या एका शहरात उतरवलं आणि धावपट्टीच्या कडेला उभं केलं. दारं बंद. पाऊस ओसरला की लगेच निघायचंय, म्हणून कुणाला उतरू देत नव्हते. खाण्याचं सामान चढवणारी गाडी मागवली होती, पण ती येत नव्हती. डॉक्टर बोलावू का, असं त्या मुलीने विचारलं, तर सासूबाईंनीच हात हलवून नको म्हटलं. मला मात्र माहीत होतं की पावडरीची साखर फार टिकत नाही. दर थोड्या वेळाने मी त्यांचा हात चाचपत होते, घाम आलाय का बघत होते. मला येत होता.

मग ती मुलगी आपला स्वतःचा डबा घेऊन आली. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी. सासूबाईंनी झाकणाखाली डोकावून पाहिलं.

"अंडं न्हाय न्हवं?"

मी विचारून सांगितलं, "नाही. तिच्या आईने केलीय."

गळ्यातल्या लिंगाला हात लावून त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. भाजीत कुस्करून, सावकाश, दोन्ही पोळ्या खाल्ल्या. मग मला म्हणाल्या, "तिला इचार, ती काय खानार आता?" मी विचारलं नाही. मला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं.

पुण्याला पोचायला संध्याकाळ झाली. नवरा विमानतळाच्या दारातच उभा होता, भिजलेला, काळजीने काळवंडलेला. त्याने आधी आईची पिशवी घेतली आणि विचारलं, "जेवलात ना?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "जेवलो की."

खरं काय ते मी त्याला घरी आल्यावर सांगितलं. त्याने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, दिलगिरीचं, आणि सोबत पुढच्या प्रवासात एक खाद्यपदार्थ मोफत. ते त्याने मला वाचून दाखवलं.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्सुलिनचं पेन हातात घेतलं. सुई बसवली. चावलेलं बोट सुजलेलं होतं. सासूबाईंनी पदर बाजूला केला नाही. रागाने नव्हे. त्या पाटावर बसल्या आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आदी ताट वाढ."

मी वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला, नीट गिळला, आणि मग दंड पुढे केला. डॉक्टरांच्या नियमात ते बसत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारूनच औषधाची वेळ आम्ही बदलून घेतली. सुई अजून मीच देते. पण टोचल्यावर मी तिथून उठत नाही. ताट रिकामं होईपर्यंत त्यांच्यासमोर बसते. कधी कधी त्या म्हणतात, "जा की, कामं पडल्यात." मी जात नाही.