माळकऱ्याच्या गच्चीवरचे पत्ते

दिघीच्या मारुती मंदिरात दर चैत्रात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ती ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या पायांवर लोक डोके ठेवतात. एरवी त्याला ओळखही न दाखवणारे लोकसुद्धा. ही वीणा आयुष्यात एकदा दोन तास आपल्या गळ्यात यावी, एवढे एकच मागणे ज्योतीरामने देवाकडे लावून धरले होते. बावीस वर्षे तो शेवटच्या रांगेत टाळ घेऊन उभा राहिला. बावीस वर्षे तो देवाला दिसत होता; कार्यकारिणीला दिसला नाही. यंदा दिसला, कारण यंदा त्याने मंदिराचे लोखंडी कठडे फुकट रंगवून दिले, आणि फुकटच्या कामात जितकी भक्ती दिसते तितकी आमच्या कार्यकारिणीला अन्यत्र कुठेच दिसत नाही. पहिल्या दिवशीचा, सकाळी सहाचा पहिला पहारा त्याच्या नावे लिहिला गेला.

ज्योतीराम मूळचा लातूरकडचा. विशीत चाकणला आला आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये सव्वीस वर्षे रंगाची गन धरून उभा राहिला. हात असा बसलेला, की त्याने मारलेल्या रंगात पाहून माणसाने भांग पाडावा. मग कंपनीत रोबो आला. रोबोला चहा लागत नव्हता, एकादशीला साबुदाणा लागत नव्हता, थिनरचा खोकला येत नव्हता. कंपनीने ज्योतीरामला शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. उद्यापासून ज्याला कुठेच वेळेवर पोचायचे नाही त्याला घड्याळ द्यावे, ही कल्पकता मोठ्या पगाराशिवाय येत नाही.

त्याने जुना कॉम्प्रेसर घेतला, भाड्याच्या घराच्या गच्चीवर चार बांबू रोवून प्लॅस्टिकचा मांडव घातला, आणि लोकांच्या गाड्यांची अलॉय चाके घरीच रंगवून देऊ लागला. काम चालायला वेळ लागला नाही. आपल्या या पट्ट्यात गाडीला इंजिन असते ही दुय्यम बाब. चाक चमकले पाहिजे. रस्त्यात खड्डा आहे याचे दुःख कोणाला नाही, खड्ड्याने अलॉयला ओरखडा काढला याचे मात्र सुतक धरतात. ज्योतीराम चाक साबणाने धुई, ब्रेकची काळी भुकटी खरवडून काढी, ओरखड्यात पुट्टी भरी, पॉलिश पेपरने पाणी लावून लावून घाशी. मग प्रायमर, मग चंदेरी रंग, मग वरून काचेसारखा क्लिअर कोट. पलीकडच्या लष्कराच्या मोकळ्या माळावरून धूळ उडत येई, म्हणून रंग मारण्याआधी तो गच्चीवर पाण्याचा सडा घाली. बायको शकू म्हणे, “अंगणात कधी सडा घातला न्हाईत, लोकांच्या चाकापुढं मात्र रोज.”

एकच अडचण होती. टायर चाकावर तसाच ठेवून रंग मारायचा, तर टायर झाकायचा कशाने? वर्तमानपत्र भिजून चिकटे, टेप सुटे. जुन्या सोबत्याने तोड सांगितली: खेळायचे पत्ते घे. टायर आणि चाकाची कड यांच्या फटीत एकाला एक लावून गोल खोचत जा. पत्ता गुळगुळीत, वाकेल पण भिजणार नाही. एका चाकाला जवळजवळ एक कॅट लागतो.

गळ्यात माळ पडल्यापासून ज्योतीरामने पत्त्याला बोट लावले नव्हते. इस्पिक कोणते आणि किलवर कोणते हेही त्याला धड ठाऊक नव्हते. आता त्याच्या गच्चीवर राजा, राणी, गुलाम आणि दुर्री एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, अंगावर रंग झेलत उभे राहू लागले. राजाला मान नाही, दुर्रीला अपमान नाही. सगळ्यांची सेवा एकच, टायर झाकण्याची. एवढी समता आमच्या भजनी मंडळात असती तर ज्योतीरामला बावीस वर्षे थांबावे लागले नसते. फक्त एक होते: वापरलेल्या पत्त्यावरचा वाळका रंग नव्या चाकावर पापुद्र्यासारखा गळतो, म्हणून दर कामाला कॅट नवे लागत. ज्योतीराम ते दुकानातून डझनाने आणू लागला.

सप्ताहाला चार दिवस उरले असताना करिष्मा त्याच्याकडे आली. करिष्मा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष गोरक्षशेठ यांची सून. शेठ अयोध्येला गेले होते, नवरा कंपनीच्या कामाने चेन्नईला होता, आणि गॅरेजमध्ये शेठची मोठी पांढरी गाडी एकटी होती. बाईने स्टिअरिंग धरू नये, असे शेठचे मत होते. त्याला शास्त्राधार काय ते त्यांनी कधी सांगितले नाही, पण मत मोठ्याने मांडले की शास्त्राची गरज उरत नाही. करिष्माकडे लायसन्स होते. ती गाडी घेऊन रावेतपर्यंत गेली, छान गेली, आणि परतताना वळणावरच्या दुभाजकाला दोन चाके घासून आली. घरी आल्याच्या समाधानात फाटकाच्या दगडाला उरलेली दोन.

“काका, अण्णा यायच्या आत होईल का?” तिने विचारले. “आणि कोणाला कळायला नको. त्यांना कळलं तर गाडीची किल्लीच काय, माझी नोकरीसुद्धा बंद करतील.”

ज्योतीरामने शब्द दिला. गाडी विटांवर चढवली, वरून जमिनीपर्यंत कव्हर ओढले, आणि चारही चाके स्कूटरच्या पायांपाशी ठेवून एकेक करून, चार खेपांत, घरी नेली.

आता मंडळाचा पखवाजवादक बिरू. ताल धरण्यात हा माणूस थोडा मागे पडे, पण दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे यात कधीच मागे पडला नाही. त्याने दुकानात ज्योतीरामला बारा कॅट घेताना पाहिले. रविवारी त्याच्या दारात गाड्या लागलेल्या पाहिल्या. आणि तिसऱ्या दिवशी साक्षात पुरावाच आभाळातून पडला: वाऱ्याने गच्चीवरची एक बदामाची राणी उडाली आणि बिरूच्या पुढ्यात येऊन उतरली. तिची एक कड चंदेरी होती. बिरूने ती उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि त्याच्या अंतःकरणात ज्ञानाचा उदय झाला. माळकरी जुगाराचा अड्डा चालवतो एवढेच नव्हे. तो खुणेचे पत्ते वापरतो.

संध्याकाळपर्यंत ही वार्ता हरिपाठाला बसलेल्या प्रत्येक कानात पोचली होती. हरिपाठ तितका पोचला नसावा. बिरूने शेठना फोन लावला. शेठ एक दिवस आधीच, अयोध्येहून आलेली पवित्र पावले घरी न नेता, विमानतळावरून रिक्षाने थेट देवळात उतरले. धर्म संकटात असताना आंघोळीला वेळ कोणाला असतो? ते, बिरू आणि आणखी तीन कार्यकारी सदस्य असे पंचक ज्योतीरामच्या तीन जिन्यांवर निघाले. दुसऱ्या जिन्याला दम लागला तेव्हा पाचही जणांनी एकदम रामकृष्णहरी म्हटले.

गच्चीवर ज्योतीराम शेवटच्या चाकाला क्लिअर मारून नुकताच मागे सरला होता. चारही चाके प्लॅस्टिकच्या स्टुलांवर आडवी होती आणि प्रत्येकाभोवती पत्त्यांची गोल झालर होती. पंचक मांडवाच्या तोंडाशी थबकले. अड्डा पाहायला आलेल्यांना हे काय दिसते आहे याचा उलगडा होईना. ज्योतीरामने तोंडावरचा मास्क काढून नमस्कार केला आणि सगळे सांगितले: फट कशी, पत्ता का, डझन कशासाठी. तो सांगत असतानाच शेठनी खात्री करण्यासाठी सर्वांत चमकणाऱ्या चाकावर अंगठा टेकवला. ओल्या क्लिअरमध्ये अंगठा उमटला. ज्योतीरामचा जीव कळवळला.

“आमी मानतो, माउली,” शेठ अंगठा रुमालाला पुसत म्हणाले. “पन लोक न्हाई मानायचे. ही चाकं कुनाची हायेत तेवढं सांगा. त्यो मानूस येऊन सांगंल, की व्हय, माझी हायेत, रंगायला दिलीत. मिटलं.”

ती चाके शेठच्याच गाडीची होती. तीन वर्षे ते त्या गाडीत बसत होते. बोनेटवरचे चिन्ह, मागचा नंबर, काचेवरचे देवाचे नाव त्यांना तोंडपाठ होते. पण चाकाकडे पाहायला मान खाली घालावी लागते, आणि तसा प्रसंग शेठवर कधी आला नव्हता.

ज्योतीराम म्हणाला, “नाव सांगायचं न्हाई असा शब्द दिलाय, शेठ.”

बिरूने सदस्यांकडे पाहिले, सदस्यांनी आकाशाकडे. बिरूच्या मते नाव न सांगण्यातच सगळे आले. दाखवायला चाके ठेवून आत पत्ते कुटायचे ही युक्ती कोणालाही सुचेल, असे तो म्हणाला. निदान त्याला सुचली होती.

शेठनी शेवटचे सांगितले. “नाव सांगा, न्हाईतर वीणा सोडा. गळ्यात माळ आन घरात पत्ते, असल्याच्या पायावं लोकांनी डोकं ठेवायचं का?”

शकू जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिला नाव माहीत होते. एक नाव उच्चारले की नवऱ्याचे बावीस वर्षांचे मागणे पुरे होणार होते, आणि खरा गुन्हेगार समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच घरातला होता. तिने नवऱ्याकडे पाहिले. ज्योतीरामने हातातली गन खाली ठेवली.

“मग सोडली,” तो म्हणाला. “टाळ हायेत माझ्याकडं.”

 मग तो वाकून चाकाभोवतीचे पत्ते उगाचच नीट करू लागला, जे आधीच नीट होते.

पंचक वळले आणि जिन्यात करिष्मा दिसली. सासरे एक दिवस आधी आले हे ऐकून ती चाके वाळली का ते पाहायला धावत आली होती, आणि बहुतेक सगळे तिने वरच्या पायऱ्यांवरूनच ऐकले होते. ती मागे फिरली असती तर कोणी तिला अडवले नसते. तिचा हात कठड्यावर घट्ट होता.

“अण्णा, चाकं आपल्या गाडीची आहेत,” ती म्हणाली. “मी घासली. मीच काकांना कोणाला सांगू नका म्हटलं होतं.”

 शेठनी सुनेकडे पाहिले, मग चाकाकडे, मग आपल्या अंगठ्याकडे. चार सदस्य साक्षीला होते. रागवावे, तर स्वतःच्या गाडीची चाके ओळखू न आल्याची कबुली द्यावी लागणार. शेठ तीन निवडणुका पाहिलेले गृहस्थ. त्यांना क्षणही लागला नाही.

“मला काय ठावं न्हाई व्हय?” ते प्रसन्न हसले. “माझी चाकं मी वळखनार न्हाई? माउलींची परीक्षा बघत हुतो.”

देव भक्ताची परीक्षा पाहतो हे आपण सर्वांनी ऐकले आहे. अध्यक्षही पाहतात हे त्या दिवशी कळले. सदस्यांनी माना डोलावल्या. बिरूने सर्वांत जास्त डोलावली. आणि सगळे आधीच ठाऊक असलेल्या माणसाला सुनेवर संतापता येईना, म्हणून करिष्माला फक्त एवढेच ऐकावे लागले, की पुढच्या वेळी वळण मोठे घ्यावे. हे बोलून गेल्यावर शेठच्या ध्यानात आले की त्यांनी पुढच्या वेळेला परवानगी दिली आहे.

वीणेचे मात्र वेगळे झाले. पंचक जिने चढायच्या आधीच पहिल्या पहाऱ्यावर बिरूचे नाव घालून फ्लेक्स छापायला गेला होता, आणि छापलेला फ्लेक्स बदलणे म्हणजे चूक मान्य करणे. कार्यकारिणीने विचारविनिमय केला आणि ज्योतीरामला दुपारी बारा ते दोनचा पहारा दिला. त्या वेळी सगळा मांडव महाप्रसादाच्या पंगतीला उठून जातो. वीणेकऱ्याच्या पाया पडायला माणूस नसतो, फोटो काढायला मोबाइल नसतो. हा पहारा कोणाला द्यायचा हा दरवर्षीचा पेच यंदा सुटला, याचे सर्वांना समाधान वाटले.

पहिल्या दिवशी बाराला वीणा ज्योतीरामच्या गळ्यात आली आणि मांडव रिकामा झाला. पलीकडून वाढप्यांचे ओरडणे येत होते, आमटीचा वास येत होता, पत्रा तापून कडकडत होता. जाजमावर चुरगळलेल्या सतरंज्या आणि समोर शेंदराचा मारुती, बस. ज्योतीरामने तार छेडली. पाऊल पुढे टाकले, मागे घेतले, पुन्हा पुढे. पाच मिनिटांनी त्याचे डोळे मिटले. कोणी पाहत नव्हते, म्हणून त्याला सावरून चालावे लागले नाही, सुरात राहावे लागले नाही, रडू आले तर पुसावे लागले नाही. दोन वाजता पुढचा पहारेकरी तृप्तीची ढेकर देत आला आणि त्याने वीणेसाठी हात पुढे केले. ज्योतीराम त्याला म्हणाला, “भाऊ, घाई न्हाई. तुमी जरा पडा.”