लपवलेला उजवा कौल

देवाने दिलेला होकार मी माझ्या पाठच्या भावापासून, दत्तूपासून लपवला. आज पन्नाशी उलटल्यावर ते लिहून ठेवतो आहे.

दत्तूच्या यकृतावर गाठ आहे, असे बेळगावच्या सर्जनांनी सांगितले तेव्हा ती लहान होती, यकृताच्या पुढच्या कडेला होती. पोटावर एक छेद घेऊन ती निघेल, असे ते म्हणाले. अशा प्रसंगी आमच्या घराण्यात बेळगुंदीच्या कुलदैवताला कौल लावतात. मूर्तीवर दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. गाभाऱ्यात थोरल्यानेच जायचे. त्या दिवशी उजवी गळाली. परंतु सुरी आणि क्लोरोफॉर्म यांची मला धास्ती बसली होती. बाहेर येऊन मी म्हणालो, “देव नको म्हणतोय.”

दत्तू हसला. “मग ऱ्हाऊ दे, अण्णा. पर ह्या गाठीनं मला न इचारता बिऱ्हाड थाटलंय.”

वर्ष सरता सरता त्याला कुशीवर वळवेना. सर्जनांनी त्याला पुन्हा तपासले. गाठ आता वाढून वर, बरगड्यांच्या आड गेली होती. नुसत्या पोटातून हात घातला तर मागचे काही दिसणार नाही. ओढाताणीत मोठी शीर फाटली, तर रक्त थांबणार नाही. म्हणून छेद पोटावरून वर नेऊन बरगड्यांमधून छातीही उघडावी लागणार होती. प्रत्येक शब्दागणिक मला माझे खोटे ऐकू येत होते. या वेळी कौल न लावताच मी होकार दिला.

रक्त हाताशी हवे होते. माझे जुळले नाही. आजारी बायकोला घेऊन आलेला सदलग्याचा एक गाडीवान दवाखान्याच्या ओसरीवर बसून हे ऐकत होता. “नंद तगोरी,” माझे घ्या, असे कानडीत म्हणून तो उठला. त्याचे जुळले. आत जाताना त्याने बैलांचा कासरा माझ्या हाती दिला. “डावा मारका हाय. देवाचं नाव घ्या, पर कासरा सोडू नगा.”

मी अंगणात कासरा धरून उभा राहिलो. दार उघडले की काय ऐकावे लागेल, या भयाने मी दाराकडे पाठ फिरवली. नवस सुचेना, कौल मागायचे धैर्य होईना. ज्याचा शब्द मी मोडला, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागू? शेवटी एवढेच म्हणालो, तू देशील ते मी घेईन.

सर्जन घामाने निथळत बाहेर आले. गाठ निघाली होती. दत्तूचा श्वास चालू होता. गाडीवानाचे पाय धरायला वाकलो, तर तो संकोचून बैलांमागे सरकला. त्याला कुणी पाठवले, हा वाद मी घालत नाही. माझ्या खोट्यानेही ज्याची दया आटली नाही, त्या देवापुढे मी फक्त नमतो. आपल्याला सोयीचा तेवढाच देव मानणे ही शरणागती नव्हे, एवढे मला उमगले.

दत्तू उशीला टेकून बसू लागला, त्या दुपारी मी त्याच्या खाटेशी खाली बसलो आणि म्हणालो, “दत्तू, कौल उजवा पडलता. खोटं देव न्हाय, मी बोललो. मला माफ कर.”