पटावरचा बिगारी

नात काल इंटर्नशिपहून आली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राला ग्रीस लागलं होतं. पुसायला मी ते हातात घेतलं आणि त्या वासानं मला भिंगारच्या लष्करी पंपघरात नेऊन उभं केलं.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. इंजिनिअरिंगची परीक्षा मी पास झालो होतो. पण इंजिनिअरच्या लायसनसाठी वर्षभर शिकाऊ उमेदवारी केल्याचा दाखला लागे. ती मी पंपघरात पुरी केली. ज्यांच्या हाताखाली केली ते साहेब विलायतेला परतले, म्हणून कारकुनानं हजेरीपट पाहून दाखला लिहिला. तो पट मी कधी पाहिलाच नव्हता. दाखल्यावर होतं, ‘वर्षभर बिगारी म्हणून काम केले.’

“अहो, मी उमेदवार होतो!”

“पटावर बिगारी आहे. पटाबाहेरचं मी लिहीत नाही.”

दारात उभ्या असलेल्या, पंपघरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा चेहरा उतरला. “म्याच लिवायला सांगितलं हुतं. उमेदवाराला फाटकातनं आत यायचा बिल्ला मिळत न्हाई, बिगाऱ्याला मिळतो. तुमी रोज उन्हात ताटकळायचा, मला बघवंना.”

त्यांच्यावर रागावणार तरी कसा? मागे पंप धडधडत होता. त्याचा एकेक नट मी खोलून बसवला होता.

लायसन मिळालं नाही. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली.

नातीला म्हटलं, “तुला तिथं काय म्हणून लिहिलंय, ते आधी बघून ये.”

ती हसली. “आजोबा, कार्डावरच आहे की!”

कार्ड स्वच्छ झालं, पण बोटांचा वास जाईना. पंपघर सोडलं त्या दिवसानंतर माझ्या हाताला ग्रीस लागलं ते थेट काल.